भोक कुणी पाडलं?

मराठी भाषेनं दातांचे फार लाड केले आहेत. आपण दातओठ खातो, दाताच्या कण्या करतो, एखाद्याचे दात त्याच्याच घशात घालतो, आणि दात कोरून पोट भरत नाही हे पक्कं ठाऊक असूनही जेवणानंतर अर्धा तास कोरत बसतो. दाढेच्या वाट्याला मात्र फारसं काही आलेलं नाही. एक अक्कलदाढ आणि एक काळाची दाढ. पहिली अक्कल येण्याच्या सुमारास उगवते म्हणतात (माझ्या बाबतीत ती एकटीच आली), आणि दुसरीत आपण सर्वांनीच शेवटी जायचं असतं. मधल्या साठ-सत्तर वर्षांत शेंगदाणे, चकल्या आणि साहेबाची बोलणी आपण ज्यांच्या जिवावर खातो, त्या साध्यासुध्या दाढांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. दुखेपर्यंत तर आपणही काढत नाही.

माझी अशीच एक दाढ होती. म्हणजे अजून आहे. ती आहे हाच तर या लेखाचा विषय. खालची, उजवीकडची, पहिली मोठी दाढ. ही दाढ वयाच्या सहाव्या वर्षी येते. तिच्या जागी आधी दुधाचा दात नसतो, त्यामुळे दात हलणं, पडणं, तो कौलावर फेकणं असा कुठलाच समारंभ तिच्या नशिबी नसतो. मागच्या दारानं यावं तशी ती येते आणि कामाला लागते. सहासष्ट वर्षं तिनं इमानेइतबारे नोकरी केली. गेल्या थंडीत एका डिंकाच्या लाडवानं तिचा घास घेतला.

लाडू आमच्या सौ.नं केला होता. पण हा मुद्दा मी घरात मांडलेला नाही.

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. तिथून जवळ म्हणून आणि ओळखीची म्हणून मी महाप्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. महापे हे माझं जुनं गाव. जन्मगाव नव्हे, पोटगाव. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या तिथल्या औद्योगिक वसाहतीत मी एकतीस वर्षं नोकरी केली. तेव्हा ठाण्याहून कंपनीची बस यायची, एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडीकडं उतरत गेलेली भातखाचरं आणि मधे धुरांडी. आता तिथं काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्यांत माणसं संगणकासमोर बसून नेमकं काय बनवतात, हे मला माझ्या पुतण्यानं चार वेळा समजावून सांगितलं आहे. आम्ही मात्र टाक्या बनवत होतो. लोखंडी प्लेटी वाकवून, वेल्डिंग मारून केलेल्या, रसायनांच्या कारखान्यांसाठी लागणाऱ्या मोठमोठ्या टाक्या. त्या टाक्यांत भोक राहिलं आहे का, हे बघणं हे माझं काम. इन्स्पेक्टर! नावाला रुबाब पोलिसाचा, काम साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधण्याचं. एकतीस वर्षं दुसऱ्यांनी पाडलेली भोकं शोधण्याचा मी पगार घेतला. निवृत्तीनंतरही खोड जात नाही. आमच्या इमारतीच्या गच्चीतून पाणी झिरपलं की सगळे सोसायटीच्या चेअरमनला शिव्या देतात. मी छताकडे बघत स्टुलावर चढतो.

तर अशा माणसाच्या दाढेला भोक पडलं.

डॉक्टरीणबाई तरुण. मला ‘काका’ म्हणतात. दाढ बघून म्हणाल्या, “काका, रूट कॅनल करावं लागेल.” मी चमकलो. आमच्या वेल्डिंगमध्येही ‘रूट’ असतं. दोन प्लेटींच्या फटीत तळाशी जो पहिला थर भरतात तो रूट. तो नीट गेला नाही तर वरून कितीही नक्षीदार वेल्डिंग मारा, टाकी आज ना उद्या फुटणार. आम्हीही त्याचे एक्स-रे काढत होतो, उजेडाच्या पेटीवर फिल्म धरून काळे ठिपके शोधत होतो. दाढेचा एक्स-रे पडद्यावर आला तेव्हा मी चष्मा सावरून असा काही पुढे वाकलो की बाईंनी विचारलं, “काका, तुम्ही डॉक्टर का?”

खालच्या या दाढेला दोन मुळं असतात आणि त्यांत बहुधा तीन नळ्या. वरती एक छोटी खोली, खोलीला जमीन, आणि जमिनीत या नळ्यांची तोंडं. खोलीतली सडलेली नस काढायची, नळ्या साफ करायच्या, भरायच्या आणि बंद करायच्या, एवढंच रूट कॅनल. पण माणूस म्हातारा होतो तसतशी ही खोलीही आतून लिंपत जाते, लहान होते, नळ्यांची तोंडं बुजत येतात. निसर्गाला वाटतं, या माणसाच्या घरी आता कोण येणार, दारं कशाला उघडी हवीत? मग डॉक्टरला ती तोंडं शोधत खणावं लागतं. आणि खोलीची जमीन तरी किती जाड? सुमारे तीन मिलिमीटर. तिच्याखाली दोन मुळांमधलं हाड. थोडं इकडे खणलं तर नळी, थोडं तिकडे खणलं तर थेट तळमजल्यावर.

बाई तळमजल्यावर गेल्या.

मला काय कळणार? औषधानं अर्धा जबडा परक्याचा झालेला, तोंडावर रबराचा पडदा ताणून बसवलेला, त्यातून ती एकटी दाढ घुंघट बाजूला सारून बघावं तशी वर आलेली. एवढंच जाणवलं की ड्रिलचा आवाज थांबला. कापसाचे बोळे एकामागून एक आत जायला लागले. ते लाल होऊन बाहेर यायला लागले. आणि मग बाईंनी तोंडावरची पट्टी खाली ओढली, माझ्या डोळ्यांसमोर आल्या आणि म्हणाल्या,

“काका, एक सांगायचं आहे. नळी शोधताना माझ्याकडून दाढेच्या तळाला भोक पडलं आहे. चूक माझी आहे.”

जगात कबुली द्यायला यापेक्षा सोयीची वेळ नाही. समोरच्याच्या तोंडावर रबर ताणलेलं असतं. मी फक्त “आं” म्हणालो, आणि तेही अनुस्वाराशिवाय.

बाई पुढे शांतपणे सांगत राहिल्या. तीन मार्ग आहेत. एक, दाढ काढून टाकायची. दोन, आज तात्पुरतं बंद करून त्यांच्या वरिष्ठांकडे जायचं. त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे, पण ते तीन दिवसांनी भेटतील. तीन, आत्ताच, आतूनच, हिरडी न कापता भोक बुजवायचं. “अशा भोकाचं पुढं काय होईल ते तीन गोष्टींवर असतं,” त्या म्हणाल्या. “किती मोठं आहे, कुठं आहे आणि किती वेळ उघडं राहिलं. हे लहान आहे. जागा फार चांगली नाही. पण ते आत्ताच पडलं आहे, अजून आत घाण गेलेली नाही. पहिल्या दोन गोष्टी आता माझ्या हातात नाहीत. तिसरी आहे. तुम्ही हो म्हणत असाल तर मी आत्ताच बुजवते. जास्तीचे पैसे घेणार नाही. मान हलवा.”

मी मान हलवली. ती होकारार्थी होती की नुसती हलली, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग तासभर काम चाललं. नळ्या धुण्याचं नेहमीचं जळजळीत औषध बाजूला ठेवलं. ते भोकातून खाली हाडापाशी उतरलं तर भाजून काढतं. साध्या मिठाच्या पाण्यानं धुणं झालं. रक्त थांबलं. मग डोळ्यांना भिंगं लावून बाईंनी ओल्या वाळूसारखी करडी भुकटी कणाकणानं भोकावर बसवली आणि अलगद दाबली. वरती पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा ठेवला आणि दाढेचं दार तात्पुरतं बंद केलं. पडदा निघाल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो इन्स्पेक्टरच्या जातीचा होता: “मटेरियल काय वापरलंत?”

“सिमेंटच म्हणा ना काका,” बाई हसल्या.

मला वाटलं, चेष्टा करतात. पण ती चेष्टा नव्हती. १८२४ साली लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्यानं ज्याचं पेटंट घेतलं, ते पोर्टलंड सिमेंट, म्हणजे ज्याच्या जोरावर ही अख्खी नवी मुंबई उभी आहे ते, याच घराण्यातलं हे औषध. अर्थात पोत्यातलं नव्हे. शुद्ध केलेलं, बारीक दळलेलं. पूर्वी अशा भोकात चांदी, रबरासारखा चीक, जे हाती लागेल ते भरून बघत, आणि बरेचदा शेवटी दाढच उपटत. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली मुळाची भोकं या नव्या मिश्रणानं बुजवून दाखवली. एमटीए म्हणतात त्याला. त्यात पाऊण हिस्सा सिमेंट. त्याची गंमत अशी की त्याला ओल चालते. नुसती चालत नाही, लागते. बाकीची औषधं ओलीनं बिघडतात; हे ओलीनंच घट्ट होतं, तीनएक तासांत. म्हणून तो भिजका बोळा. आपण स्लॅबवर पाणी मारतो तसं बाईंनी माझ्या दाढेवर पाणी मारलं होतं! आणि त्याच्या कडेनं शरीर पुन्हा आपलं मुळावरचं अस्तर धरू लागतं. आता याच जातीची आणखी लवकर घट्ट होणारी औषधंही निघाली आहेत. अशी बुजवलेली दहांपैकी सात-आठ भोकं चांगली राहतात म्हणे. आमच्या इमारतीच्या गच्चीचं प्रमाण एवढं चांगलं नाही.

पण या सगळ्यात मला सर्वांत आवडलं ते वेगळंच. या मिश्रणात पाचवा हिस्सा बिस्मथचा असतो. तो भोक बुजवायला नव्हे. तो असतो एक्स-रेत पांढरं दिसावं म्हणून. म्हणजे दुरुस्ती कुठं केली आहे हे पुढच्या डॉक्टरला, त्याच्या पुढच्या डॉक्टरला, बघेल त्याला दिसावं, यासाठी मुद्दाम घातलेला माल! जन्मभर मी उलटं बघत आलो. दुरुस्तीवर रंग मारायचा, तो असा की दुरुस्ती होती हेच कळू नये. लहानपणी आमच्या दारावर फुटक्या बादल्यांना डाग देणारा यायचा. आई म्हणायची, “डाग नीट दे रे बाबा.” डाग म्हणजे कलंक, डाग म्हणजे सोन्याचा दागिना, आणि डाग म्हणजे भोकावर बसवलेला धातूचा ठिपका. तिन्हीला शब्द एकच. आमच्या आजोबा-पणजोबांना या गोष्टी एकमेकींपासून फार लांबच्या वाटत नसाव्यात.

इमारतीत ही बातमी पोहोचली. आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. त्यांनी ऐन तारुण्यात वकिलीचा अर्धा अभ्यास केला आणि उरलेला अर्धा ते शेजाऱ्यांवर करतात. ते तासाभरात आले.

“केस टाका!” ते म्हणाले. “ग्राहक संरक्षण कायदा. डॉक्टर त्यात येतात, १९९५ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. आणि इथं तर आरोपी कबूल झालाय! असा पक्षकार नशिबानं मिळतो.”

मी म्हणालो, “अहो, त्या बाईंनी आपणहून सांगितलं.”

“तेच म्हणतो मी. मूर्ख आहे ती. न सांगती तर तुम्हाला कळलं असतं का?”

आता हा प्रश्न मोठा खोल आहे, आणि तो विचारणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. मला कळलं असतं का? मुळीच नाही. तोंडात काय चाललं आहे हे ज्याचं तोंड आहे त्यालाच दिसत नाही, अशी दंतवैद्यकाची मांडणी आहे. रक्त? “येतं थोडं.” वेळ? “तुमच्या नळ्या फार बारीक हो काका.” वर्षभरानं दाढ दुखून हलायला लागली असती तर मी लाडवाला बोल लावला असता, वयाला लावला असता. आणि एक गोष्ट शेजाऱ्यांना सांगितली नाही ती तुम्हाला सांगतो. आधी सही केलेल्या संमतीपत्रात ‘मुळाला छिद्र पडण्याची शक्यता’ छापलेलीच होती. ते मी वाचलं नव्हतं. न वाचता सही करण्याची मला जुनी सवय आहे. तिच्याकडे येतोच आता.

म्हणजे बाईंना लपवण्याची पूर्ण सोय होती, सांगण्यात पूर्ण धोका होता, आणि भोक बुजवण्याचं काम तर दोन्ही बाजूंनी सारखंच. गुपचूप बुजवलं असतं तरी सिमेंट तेवढंच घट्ट झालं असतं. मग सांगायचं कशाला?

मी आठ दिवस डाव्या बाजूनं चावत यावर विचार केला. पहिलं उत्तर सापडलं ते सोपं होतं: दाढ माझी. राहते की जाते, कुणी बुजवायची, किती धोका पत्करायचा हे ठरवण्याचा हक्क माझा. आणि ज्याला भोकच माहीत नाही तो ठरवणार काय? हे उत्तर बरोबर आहे. तेवढ्यावर हा लेख संपवून मी झोपू शकलो असतो. झोप आली नाही, कारण मला सारखी एक टाकी दिसत होती.

साल १९८७. एक उभी टाकी शॉपमध्ये आडवी निजवलेली. तिच्या पोटावर नळ जोडायला आठ इंची भोक पाडायचं होतं. ड्रॉइंगमध्ये वर्तुळ असतं: शून्य, नव्वद, एकशेऐंशी, दोनशेसत्तर. ते वर्तुळ टाकीकडे वरच्या टोकाकडून बघून काढलेलं असतं. मी त्या दिवशी घाईत होतो. टाकीच्या खालच्या टोकाला उभा राहिलो आणि तिथूनच मोजलं. खालून बघितलं की नव्वद ते दोनशेसत्तर होतं. आरशात डावं उजवं व्हावं तसं. फिटरनं मला विचारलं, “सायेब, हितंच ना?” मी म्हणालो, “हो, हो.” कागदावर सही केली, तीही नेहमीसारखी, पुन्हा न बघता. संध्याकाळी भोक पडलं. बरोबर उलट्या बाजूला.

भोक बुजवणं ही मोठी गोष्ट नव्हती. गोल प्लेट कापली, बसवली, वेल्डिंग मारलं, घासून सारखं केलं, एक्स-रे काढला, रंग मारला. दोन दिवसांत टाकी नव्यासारखी. पण भोक पडलं की कुणी पाडलं हेही ठरवावं लागतं. साहेबानं विचारलं. मी म्हणालो, “बघतो.” दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तेव्हा माझं प्रमोशन व्हायचं होतं, घरी मुलगा आजारी होता, आणखी बरीच कारणं होती. लपवणाऱ्याजवळ कारणांचा कधी तुटवडा नसतो. माझ्या सहीचा कागद मीच फाइलला लावत असे. तो मी फाइलला लावला नाही. फिटरला मेमो मिळाला, वर्षाची वेतनवाढ गेली. सहा महिन्यांनी तो काम सोडून गेला. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. एकदा बदनाम केलं आहे, तेवढं पुरे.

हे सगळं मी सौ.ला सांगितलं. अडतीस वर्षांनी. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आता त्याला जाऊन सांगणार असाल.”

“विचार आहे.”

“कशासाठी? सांगून तुमचं हलकं होईल. त्याचं काय? अहो, इतक्या वर्षांनी त्याच्या दारात आपलं ओझं टाकायला जाणार, आणि वर त्यानं चहा पाजायचा!”

आमच्या घरात तत्त्वज्ञानाचा विभाग तिच्याकडे आहे, हे मी मागेच मान्य केलं आहे. तिचा प्रश्न बिनतोड होता. पुष्कळदा माणूस चूक कबूल करतो ती अंघोळ केल्यासारखी; स्वतः स्वच्छ होतो आणि मळकं पाणी दुसऱ्याच्या अंगणात सोडतो. डॉक्टरीणबाईंची कबुली तशी नव्हती. त्यांनी रडगाणं गायलं नाही, “मला रात्रभर झोप लागणार नाही” असं सांगून मलाच त्यांची समजूत घालायला लावलं नाही. भोक पडलं, एवढं मोठं, इथं, आता हे करता येईल, मान हलवा. त्यांची कबुली ही दुरुस्तीची पहिली पायरी होती. सिमेंट भरण्याआधी भोक धुतात, तेवढंच तिचं काम.

मग माझ्याजवळ भरायला काय होतं?

पुढच्या खेपेस मी बाईंना आडून विचारलं, “डॉक्टर, भोक फार जुनं असेल तर?”

“तुमचं नाही काका, ताजं होतं.”

“नाही, माझ्या एका ओळखीच्यांचं.”

त्या म्हणाल्या, “जुनं अवघड असतं. आत घाण बसते, आजूबाजूचं हाड झिजतं. भोक एवढंसं असतं, पण नुकसान पसरलेलं असतं. तरी आधी उघडून बघावं लागतं. न बघताच दाढ गेली म्हणायचं नाही.”

मी उघडून बघायला गेलो.

महापे गावात तो अजून राहतो. जिथं त्याच्या बापाचं कौलारू घर होतं तिथं आता चार मजले आहेत. आमची कंपनी ज्या जमिनीवर उभी होती, तिच्या आसपास कुठंतरी त्याच्या बापाचा भात पिकत असे. शेती गेली आणि पोराला वसाहतीत नोकरी लागली, असा त्या घराचा हिशेब होता. मी गेलो तेव्हा तो ओट्यावर बसला होता. केस पांढरे, खांदे तेच.

“सायेब! तुमी?”

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. भोक पडलं, कुणामुळं पडलं, कागदाचं मी काय केलं, सगळं उभ्यानं सांगितलं. मनात तयारी दोन उत्तरांची होती. एक, तो शिव्या देईल. दोन, तो म्हणेल, “जाऊ द्या सायेब, जुनी गोष्ट.” खरं सांगायचं तर दुसऱ्याची आशा जास्त होती.

त्यानं तिसरंच विचारलं.

“म्हंजे मी चुकलो नव्हतो?”

मला कळेना. माझी समजूत होती की त्याला सगळं ठाऊक आहे आणि तो मनात माझा राग धरून आहे. त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं मला विचारलं होतं, मी हो म्हणालो होतो, हे त्याला आठवत होतं. पण सायेब चुकेल कसा? आपणच त्यांचं बोट नीट बघितलं नसेल, असं त्यानं धरून चाललं होतं. अडतीस वर्षं.

“तवापासून मी टेप हातात नाय धरली,” तो म्हणाला. “दुसऱ्या कंपनीत बोलावलं व्हतं. नाय गेलो. वाटायचं, परत उलटं पडंल. टेम्पो चालवला. बाप मरंपर्यंत बोलायचा, जमीन कंपनीत गेली, आनि पोरगा निगाला आंदला.”

भोक एवढंसं असतं, नुकसान पसरलेलं असतं. सौ.च्या प्रश्नाचं उत्तर मला त्या ओट्यावर मिळालं, आणि ते मिळालं नसतं तर बरं असं वाटण्याइतकं ते जड होतं. लपवणारा समजतो की आपण फक्त स्वतःबद्दलची एक गोष्ट लपवतो आहोत. तसं नसतं. आपण दुसऱ्याबद्दलची एक गोष्ट त्याच्यापासून लपवत असतो. त्याचा हात चांगला होता, डोळा चांगला होता, ही त्याची मालमत्ता. ती अडतीस वर्षं माझ्या खिशात राहिली.

मी म्हणालो, “मी काय करू सांग.”

तो थोडा वेळ गप्प होता. मग आत हाक मारून त्यानं नातवाला बोलावलं. नातू इंजिनिअरिंग शिकतो. त्याच्याकडून वही मागवली आणि माझ्यासमोर ठेवली.

“लिवून द्या. सही करा. तवा केली व्हती ना, तशीच.”

मी लिहिलं. इन्स्पेक्शन रिपोर्ट कसा लिहायचा ते मी विसरलेलो नाही: टाकी, भोक, चूक कुणाची, कशी झाली. या वेळी वाचून बघितलं आणि मग सही केली. नातवानं तो मोठ्यानं वाचला. त्यानं कागद घेतला, आत गेला, आणि भिंतीवर बापाचा फोटो होता त्याच्या चौकटीत मागच्या बाजूनं खोचला. “माफ केलं” असं तो म्हणाला नाही. मी विचारलंही नाही. ते त्याच्याकडचं काम आहे, त्याच्या सवडीनं करील.

मग चहा आला. चहाबरोबर चकली आली. मी ती डाव्या दाढेखाली घेतली. चहा संपल्यावर त्यानं कोळशाचा तुकडा शोधून ओट्यावर एक मोठं वर्तुळ काढलं.

“दावा, सायेब. कुटनं बगायचं व्हतं?”

दोघं म्हातारे उकिडवे बसलो. मी वरचं टोक दाखवलं, खालचं दाखवलं. त्यानं नातवाकडून टेप मागून घेतली. परीघ मोजला, चार भाग केले, शून्य, नव्वद, एकशेऐंशी, दोनशेसत्तर. आणि जिथं भोक पडायला हवं होतं तिथं फुली मारली. मी वाकून बघितलं. इंचाचाही फरक नव्हता.

दाढेवर आता टोपी बसली आहे. उजव्या बाजूनंही हळूहळू चावायला लागलो आहे. परवाच्या एक्स-रेत ते बिस्मथ पांढरंशुभ्र दिसत होतं. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवावं तसं सौ.ला दाखवलं. “टिकेल ना?” मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “हमी देत नाही काका. सहा महिन्यांनी या, बघू.”

फिटरनंही निघताना तेच सांगितलं. सहा महिन्यांनी नातीची हळद आहे, या.

दोन्हीकडे जाणार आहे.